गाठ म्हणजे कॅन्सर नव्हे : पिशवीतल्या साध्या गाठी, दुर्मिळ गाठी आणि त्यांचं निदान



गटाच्या बैठकीत बचत, कर्ज, हप्ते हे सगळं झालं, वही मिटली, की खरं बोलणं सुरू होतं. कुणीतरी हळूच म्हणतं, "पोटमा गोया शे म्हने." मग दुसरी सांगते, तिच्या जावेची पिशवी काढली. तिसरी सांगते, डॉक्टर म्हणाले की आता काढली नाही तर कॅन्सर होईल. "गाठ" हा शब्द आला की पुढचा शब्द "कॅन्सर" आणि त्याच्या पुढचा "काढून टाका". या तीन शब्दांच्या मध्ये जे तपासणीचं काम असतं, ते मात्र कुणी सांगत नाही. या अंकात आपण तेच समजून घेऊ.

आधी पिशवी समजून घेऊ

गर्भपिशवी साधारण आपल्या मुठीएवढी असते. तिला तीन थर असतात. आतलं मऊ अस्तर, जे दर महिन्याला पाळीत बाहेर पडतं. मधला जाड स्नायूचा थर, जो बाळंतपणात कळा देतो. आणि बाहेरचं पातळ आवरण. यातल्या कुठल्याही थरात गाठ होऊ शकते. गाठ कुठल्या थरात आहे, कशाची बनली आहे, यावर तिचं नाव ठरतं आणि उपचारही ठरतो.

गाठी दोन प्रकारच्या. एक साधी, म्हणजे जिथे आहे तिथेच वाढते, शरीर पोखरत नाही. दुसरी कॅन्सरची. पिशवीतल्या बहुतेक गाठी साध्याच असतात. साधी म्हणजे त्रास देतच नाही असं नाही. अंगावरून इतकं जाऊ शकतं की बाई पांढरीफटक पडते. पण त्रास होणं वेगळं आणि कॅन्सर असणं वेगळं.

नेहमी दिसणाऱ्या गाठी

सगळ्यात जास्त दिसते ती फायब्रॉईड, म्हणजे स्नायूच्या थरातली गाठ. परदेशात बायकांच्या सोनोग्राफी करून पाहिलं, तेव्हा पन्नाशीपर्यंत निम्म्याहून जास्त बायकांना लहानमोठी फायब्रॉईड असल्याचं आढळलं. त्यातल्या कित्येकींना काहीच त्रास नव्हता. हरभऱ्याएवढीही असते, नारळाएवढीही होते. पाळी कायमची गेली की बहुतेक वेळा आपोआप आकसते.

दुसरी पॉलिप. आतल्या अस्तराचा किंवा पिशवीच्या तोंडाचा छोटा कोंब, देठाला लटकल्यासारखा. तिसरी अडचण अ‍ॅडिनोमायोसिस. यात अस्तर मधल्या स्नायूत शिरतं, पिशवी फुगते, पाळीत खूप दुखतं. ही खरं म्हणजे गाठ नाही, पण कधी एकाच जागी जमून गाठीसारखी दिसते आणि सोनोग्राफीत फायब्रॉईड समजली जाऊ शकते.

आता प्रश्न भीतीचा. फायब्रॉईड म्हणून ऑपरेशन केलं आणि तपासणीत कॅन्सर निघाला, असं किती वेळा होतं? अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याचा अंदाज दिला. अशा ऑपरेशन झालेल्या २२५ ते ५८० बायकांमध्ये एक. म्हणजे धोका शून्य नाही, म्हणून तपासणी करायची. पण बाकीच्या शेकडो बायकांची गाठ साधीच होती, म्हणून घाबरून निर्णय घ्यायचा नाही.

दुर्मिळ गाठी : नाव भयंकर, स्वभाव साधा

मागच्या उन्हाळ्यात एका गटातल्या मावशी ऑपरेशननंतरचा रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आल्या. त्यावर "लायपोलियोमायोमा" असं लिहिलेलं होतं. त्यांच्या मुलाने मोबाईलवर शब्द शोधला, काहीतरी अर्धवट वाचलं, आणि घरात दोन दिवस चूल धड पेटली नाही. डॉक्टरांना परत जाऊन विचारलं तेव्हा कळलं, ही चरबी मिसळलेली फायब्रॉईड, अगदी साधी. मोठं नाव म्हणजे मोठा आजार असं नसतं. म्हणून काही दुर्मिळ नावं आपल्याला ओळखीची असावीत.

लायपोलियोमायोमा : स्नायू आणि चरबी मिळून झालेली गाठ. बहुतेक वेळा पाळी गेलेल्या बायकांत सापडते. चरबीमुळे सोनोग्राफीत ती पांढरी, चकचकीत दिसते. शंका असेल तर सीटी स्कॅन किंवा एमआरआयमध्ये चरबी ओळखता येते.

अ‍ॅडिनोमॅटॉइड ट्यूमर : पिशवीच्या बाहेरच्या आवरणाच्या पेशींपासून होणारी गाठ. सहसा लहान असते, दिसायला फायब्रॉईडसारखीच. बाईला तिचा पत्ताही नसतो. दुसऱ्याच कारणाने पिशवी काढली आणि ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा सापडते.

हिमॅन्जिओमा : रक्तवाहिन्यांच्या गुंत्याची गाठ. फार क्वचित होते, पण अंगावरून जोरात जाऊ शकतं. पिशवीत रक्तवाहिन्यांचा दुसऱ्या प्रकारचा गुंताही असू शकतो. अशा वेळी आधी न बघता पिशवी धुतली, म्हणजे क्युरेटिंग केलं, तर रक्त थांबवणं अवघड होऊन बसतं. म्हणून शंका असेल तर आधी डॉपलर सोनोग्राफी करतात. त्यात रक्त कुठून कसं वाहतंय ते रंगात दिसतं.

कोटिलेडोनॉइड लियोमायोमा : ही गाठ वारेसारखी दिसते, लालसर, गुच्छागुच्छांची, आणि पिशवीच्या बाहेर पसरलेली. ऑपरेशन करणाऱ्या अनुभवी डॉक्टरलाही वाटतं, हा कॅन्सरच. पण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की पेशी साध्या निघतात. नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्यावर निदान का ठरवू नये, याचं ही गाठ म्हणजे चांगलं उदाहरण आहे.

शिरेत वाढणारी फायब्रॉईड : गाठ साधी, पण ती पिशवीच्या शिरेत शिरून दोरीसारखी वर वर वाढत जाते. अगदी क्वचित हृदयापर्यंत पोहोचते. पेशी साध्या असल्या तरी जागा धोक्याची, म्हणून मोठ्या रुग्णालयातच उपचार करावे लागतात.

फुप्फुसात सापडणारी साधी फायब्रॉईड : फायब्रॉईडचं ऑपरेशन होऊन बरीच वर्षं झालेली असतात. मग दुसऱ्याच कारणासाठी छातीचा एक्स-रे काढतात आणि फुप्फुसात ठिपके दिसतात. सगळ्यांना वाटतं, कॅन्सर पसरला. तुकडा तपासला की कळतं, त्या पिशवीतल्या फायब्रॉईडसारख्याच साध्या पेशी आहेत. पण हे जुळवायचं तर जुन्या ऑपरेशनचा रिपोर्ट हातात हवा. म्हणून सांगते, कागद जपा.

आणि एक प्रकार असा, की पॅथॉलॉजीचे डॉक्टरसुद्धा "साधी" किंवा "कॅन्सर" असं ठामपणे सांगू शकत नाहीत. रिपोर्टवर त्याला "स्टम्प" म्हणतात. याचा अर्थ कॅन्सर झाला असा नाही. याचा अर्थ, पुढची काही वर्षं सांगितलेल्या तारखेला तपासणीला जायचं, चुकवायचं नाही.

या सगळ्या गाठी खरंच क्वचित होतात. आपल्या गावात एखादीही सापडणार नाही कदाचित. तरी इतकं सांगितलं, कारण या सगळ्यांतून एकच गोष्ट दिसते. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या गाठी आतून वेगवेगळ्या असतात, आणि कोणती कुठली हे शेवटी सूक्ष्मदर्शकाखालीच ठरतं.

निदान कसं होतं : पायरी पायरीने

पहिली पायरी, तुमचं बोलणं. पाळी किती दिवस चालते, किती कपडे किंवा पॅड लागतात, गुठळ्या पडतात का, दोन पाळींच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त जातं का, पाळी कधी बंद झाली. हे डॉक्टरला नीट सांगितलं की अर्धं काम होतं. सात दिवसांपेक्षा जास्त जाणं, तासा-दोन तासाला पॅड भिजणं, मोठ्या गुठळ्या पडणं, याला "बायकांचं चालायचंच" म्हणू नका. तीन महिने कॅलेंडरवर खूण करा आणि ते कॅलेंडरच सोबत न्या.

दुसरी पायरी, हाताने तपासणी. पोटावरून आणि आतून. लाज वाटते, मला माहिती आहे. पण ही तपासणी न करता थेट ऑपरेशनची तारीख मिळत असेल, तर थांबून विचारायला हवं. याच वेळी पिशवीच्या तोंडाची तपासणीही करून घेता येते.

तिसरी पायरी, रक्ताची तपासणी. हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी, ८ च्या खाली म्हणजे फारच कमी. पाळी चालू असलेल्या वयात गरोदरपण नाही ना, हेही आधी बघतात.

चौथी पायरी, सोनोग्राफी. पोटावरून करतात तेव्हा लघवी भरून ठेवायला सांगतात. आतून करतात ती जास्त स्पष्ट दिसते. पण सोनोग्राफी म्हणजे आवाजाच्या लहरींनी काढलेलं चित्र. गाठ किती मोठी, कुठे आहे, हे ते चांगलं दाखवतं. ती कशाची बनली आहे, हे नक्की सांगू शकत नाही. म्हणून रिपोर्टमध्ये "फायब्रॉईड असावी" अशी भाषा असते. ती "असावी" नीट वाचा.

पाचवी पायरी सगळ्यांना लागत नाही. गाठ वेगळी दिसली, पटकन वाढली, किंवा रक्तवाहिन्यांची शंका आली, तर डॉपलर किंवा एमआरआय.

सहावी पायरी, अस्तराचा तुकडा तपासणं. पंचेचाळिशीच्या पुढे पाळी बिघडली असेल किंवा पाळी गेल्यावर रक्त गेलं असेल, तर ही तपासणी महत्त्वाची. बारीक नळीने थोडं अस्तर घेतात. कधी दुर्बिणीने आत बघून पॉलिप तिथेच काढतात.

शेवटची पायरी, काढलेल्या गाठीची किंवा पिशवीची पॅथॉलॉजी तपासणी. गाठ फॉर्मॅलिनच्या पाण्यात घालून लॅबमध्ये जाते, तिचे कागदाहून पातळ काप करतात, रंग देतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. निदान इथे पक्कं होतं. ऑपरेशननंतर नातेवाईकांना ट्रेमध्ये गाठ दाखवतात, आपण हात जोडतो आणि घरी येतो. ती गाठ पुढे लॅबमध्ये गेली का, हे विचारायचं राहून जातं. विचारा. आणि रिपोर्ट आल्यावर तो डॉक्टरकडून समजून घ्या.

हे इतकं का सांगतेय

कारण आपल्याकडे दोन्ही टोकांना चूक होते. एक टोक म्हणजे तपासणीच नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. शंभरात ९२ बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या शंभरात फक्त ८. आज दवाखाने वाढले, पण "कापूस घरात येऊ दे, मग बघू" हे आपलं वाक्य काही बदललं नाही.

दुसरं टोक म्हणजे तपासणीच्या आधीच ऑपरेशन. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचा विषय सगळ्या राज्यात गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा. देशाच्या कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. बीडच्या त्या बायकांत कितीतरी चाळिशीच्या आतल्या होत्या. कुणाला अंगावर पांढरं जात होतं, कुणाचं पोट दुखत होतं, आणि भीती एकच घातली होती, कॅन्सरची. पाळीत सुट्टी घेतली तर मुकादम पैसे कापणार, हाही दबाव होताच. आपल्या खानदेशातूनही कुटुंबं ऊसतोडीला जातात, म्हणून हे दुसऱ्या जिल्ह्याचं दुखणं असं समजू नका.

पुढे केंद्र सरकारने अनावश्यक पिशवी काढणं रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी निकाल दिला आणि या सूचना तीन महिन्यांत लागू करा, असं सगळ्या राज्यांना सांगितलं.

पिशवी काढण्याने काय बिघडतं, असंही विचारतात. मुलं झाली, आता तिचं काय काम? अंडाशयंही सोबत काढली तर त्याच दिवशी पाळी जाण्याचं वय अंगावर येतं. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, हाडं ठिसूळ होतात, हृदयाचा त्रास वाढतो. अंडाशयं ठेवली तरी ती काही वेळा लवकर थकतात. तीस-पस्तिशीत शेतात वाकून काम करणाऱ्या बाईला हे फार महाग पडतं.

पण याचा अर्थ ऑपरेशन वाईटच, असा मुळीच नाही. रक्त थांबतच नसेल, औषधाने फरक पडत नसेल, गाठ लघवी अडवत असेल किंवा तपासणीत खरंच धोका दिसला, तर पिशवी काढणं हाच बरोबर उपाय असू शकतो. त्याआधीचे मार्ग माहीत असले पाहिजेत एवढंच. त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवणं, गोळ्या, हार्मोनची तांबी, फक्त गाठ काढणं. गाठ विरघळवणारा काढा आणि अंगारा यात मात्र वेळ घालवू नका. त्या काळात रक्त जातच राहतं.

ही लक्षणं असतील तर थांबू नका

पाळी जाऊन वर्ष झालं आणि पुन्हा रक्त दिसलं, अगदी एक डाग का असेना. संबंधानंतर रक्त जातं. पाळी गेल्यानंतर गाठ वाढते आहे. पोट वाढतंय आणि वजन मात्र उतरतंय. घाण वासाचं पाणी जातं. अचानक पोटात असह्य दुखतं, लघवी तुंबते, चक्कर येऊन पडायला होतं. यातलं काहीही असेल तर कापूस, केळी, लग्नसराई सगळं बाजूला ठेवा आणि त्याच आठवड्यात दवाखाना गाठा. दुखणं असह्य असेल, रक्त थांबत नसेल तर त्याच दिवशी. १०८ ला फोन करा.

जायचं कुठे, विचारायचं काय

सुरुवात आशाताईंपासून किंवा उपकेंद्रापासून करा. तिथून प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय. पुढे जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, किंवा धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोग आणि पॅथॉलॉजी दोन्ही विभाग असतात, हा मोठा फायदा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पैसे भरण्याआधी विचारा.

डॉक्टरांना हे प्रश्न विचारा, वहीत लिहून न्या :

१. गाठ कुठल्या थरात आहे आणि केवढी आहे?
२. ही फायब्रॉईडच आहे असं कशावरून? आणखी तपासणी लागेल का?
३. कॅन्सरची शंका आहे का? असेल तर कशामुळे?
४. औषधाने किंवा फक्त गाठ काढून भागेल का?
५. तीन महिने थांबलं तर काय होईल?
६. अंडाशयं ठेवणार की काढणार?
७. काढलेली गाठ पॅथॉलॉजीला जाणार ना? रिपोर्ट कधी मिळेल?

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हा तुमचा हक्क आहे. त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान होत नाही. आपले कागद मागितल्यावर ७२ तासांत मिळाले पाहिजेत, असा वैद्यकीय परिषदेचा नियम आहे. सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट एका पिशवीत घाला आणि रेशनकार्डाजवळ ठेवा.

गटाने काय करायचं

ऑपरेशनसाठी गटातून कर्ज घेतलं जातं, हे आपल्या वह्यांतच दिसतं. कुणाचं कर्ज अडवायचं नाही, आणि "रिपोर्ट दाखव, मगच पैसे" असंही म्हणायचं नाही. तिचं शरीर, तिचा कागद, तिचा निर्णय. पण एवढं विचारायला हरकत नाही की, "ताई, दुसरीकडे दाखवलं का? सोबत येऊ का?" तपासणीला जायला दोनशे-तीनशे रुपये बसभाड्याला लागतात आणि एक दिवसाची मजुरी बुडते. त्यासाठी लहान, बिनव्याजी रक्कम देण्याचा ठराव गट करू शकतो. ऑपरेशनचं कर्ज वर्षभर फेडावं लागतं, तपासणीचा खर्च महिन्यात फिटतो. आणि बैठकीत जे ऐकलं ते बैठकीतच राहील, हे अध्यक्ष आणि सचिवांनी सगळ्यांना सांगून ठेवावं.

पुढच्या बैठकीत हा लेख एकीने मोठ्याने वाचावा. वाचून झाल्यावर सात प्रश्न प्रत्येकीच्या वहीत उतरवून घ्या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना शेजारणीने लिहून द्यावेत. काही अडलं तर मला बैठकीत विचारा, चारचौघींत नको वाटलं तर बाजूला बोलावून विचारा. आपण मिळून आशाताईंना आणि डॉक्टरांना विचारू.